रुस कोणाचा?

प्रिय केतकी,

तुझं पत्र पोचलं. रशियन भाषेत जर्मनासाठी, पोलिश माणसासाठी सरळ नाम आहे. मग रशियनासाठी मात्र ‘रुस्की’ हे विशेषण का, असं तू विचारलंस. ‘रुस्की’ म्हणजे ‘रुसचा’. म्हणून खरा प्रश्न, हा ‘रुस’ कोण?

बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात ते स्वीडनकडे. फिनिश लोक आजही स्वीडनला ‘रुओत्सी’ म्हणतात, आणि या शब्दाचं मूळ जुन्या नॉर्डिक भाषेतल्या ‘वल्हवणं’ या अर्थाच्या शब्दात असावं, असं मानतात. ८३९ साली बायझंटाइन सम्राटाच्या वकिलातीबरोबर स्वतःला ‘र्‍होस’ म्हणवणारे काही जण फ्रँक राजा लुई याच्या दरबारी आले. चौकशी केली, तर ते स्वीड निघाले! पुढे दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइनने नीपर नदीवरच्या खडकाळ धारांची नावं दोन भाषांत नोंदवली. एका धारेचं स्लाव्ह नाव ‘ओस्त्रोवुनिप्राख’, रुस नाव ‘उल्वोर्सी’. अर्थ एकच, बेटावरची धार. पण दुसऱ्या नावाचा घाट स्पष्ट नॉर्डिक आहे.

हे सगळ्यांना पटलं नाही. १७४९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत इतिहासकार म्युलरने हे मांडलं, तेव्हा रशियन विद्वान लोमोनोसोव्ह त्याच्यावर तुटून पडला. कीव्हच्या दक्षिणेकडच्या रोस नदीवरून हे नाव आलं, असंही काही जण म्हणतात.

मूळ काहीही असो, ते रुस लोक काही पिढ्यांत स्लाव्ह होऊन गेले आणि त्यांचं नाव कीव्हच्या राज्याला चिकटलं. मॉस्को तेव्हा नकाशावरही नव्हतं. ‘रोस्सिया’ हे ग्रीक वळणाचं रूप नंतर रूढ झालं; १७२१ मध्ये झार पीटरने साम्राज्य घोषित केलं ते त्याच नावाने.

म्हणूनच मला कळकळीने सांगायचंय, की नाव म्हणजे सातबारा नव्हे. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी लेख लिहून रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक असल्याचं मांडलं, त्यात प्राचीन रुसचाच दाखला होता. आणि पुढच्याच फेब्रुवारीत रणगाडे कीव्हच्या दिशेने निघाले. हजार वर्षांपूर्वीच्या नावावरून आजच्या माणसांनी कोणाचं म्हणवायचं, हे दुसऱ्या कुणी ठरवू नये.

भाषांतर करताना एवढं सांभाळ: ‘रुस्की’ म्हणजे वंशाने, भाषेने रशियन, ‘रोस्सियानिन’ म्हणजे त्या देशाचा नागरिक, मग तो तातार असो वा चेचेन. मराठीत आपण दोघांनाही ‘रशियन’ म्हणून मोकळे होतो. तू तसं करू नकोस. एक शब्द जास्त लागला तरी चालेल.

तुझी,
मावशी