मेडशीहून तीन पत्रे

मेडशी, 23 जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल दिवेलागणीला तुझ्या माहेरी सुखरूप पोचले. अजिंठा पाहून अकोल्याला आले, तिथून वाशीमची एसटी धरली. पातूर मागे पडलं, घाट संपला आणि रस्त्याकडेला सोंगलेल्या तुरीचे ढीग दिसू लागले.

पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, म्हणून मामीने मागच्या स्वयंपाकघराच्या भिंती लिंपायला काढल्या आहेत. आज सकाळी मीही पदर खोचून बसले. माती, शेण आणि कुटार पायाने तुडवून तिने गोळा करून दिला. मी विचारलं, एवढं कुटार कशाला? म्हणाली, "नुसती माती लावली तं उन्हायात तडकते वं बाई. कुटार तिले धरून ठेवते." मग पांढऱ्या मातीचा पोतारा.

माझा हात तसाच थांबला. परवाच अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर उभी होते. उजव्या हाताच्या बोटांत अलगद धरलेलं निळं कमळ, किंचित कललेली मान, खाली झुकलेले डोळे. बाजूला जिथे रंग उडालाय तिथे खालचा गिलावा उघडा पडला आहे: मातीत कालवलेला भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ हात. कातळावर रंग टिकावा म्हणून त्या कारागिरांनी जे केलं, तेच मामी करते आहे. त्या चित्रांकडे आपण मान वर करून पाहतो, पण ती उभी आहेत ती या मातीवर.

मेडशी, 24 जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आज मामांबरोबर वाशीमला जाऊन आले. बालाजीचं दर्शन घेतलं, पद्मतीर्थाच्या काठी बराच वेळ बसले. तू लहानपणी इथे बाजाराला येत होतीस, पण हे राजधानीचं गाव आहे असं तुला कुणी सांगितलं होतं का गं?

वाशीम म्हणजे वत्सगुल्म. वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करी. तिचा मूळ पुरुष सर्वसेन हा राजा आणि कवीही. त्याने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य लिहिलं. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं लग्न साहित्यविद्येशी लावलं, तेही याच नगरात!

1939 साली वाशीमला एक ताम्रपट मिळाला. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने नांदेडकडचं एक गाव दान दिल्याचा तो लेख. त्यात वंशावळ संस्कृतात, बाकी मजकूर प्राकृतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा झिजलेला शिलालेख आहे. त्यातल्या राजाच्या वंशावळीतलं एक नाव अभ्यासक चुकीचं वाचत होते. ताम्रपट हाती आल्यावर वा. वि. मिराशींनी ते 'सर्वसेन' असं लावलं आणि अजिंठ्याचं नातं थेट वाशीमशी जुळलं. पहिलं लेणं खुद्द हरिषेणाने कोरवून घेतलं, असं वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाचं मत आहे. म्हणजे तो पद्मपाणी तुझ्या माहेरच्या राजाचा म्हणायचा!

मेडशी, 26 जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. गुरुजींनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी मुलांना अजिंठ्याशी नातं सांगणारी जपानची गोष्ट सांगितली.

जपानात नारा भागात होर्युजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. तिथल्या मुख्य दालनाच्या भिंतींवर साधारण 1300 वर्षांपूर्वी बोधिसत्त्वांची चित्रं काढली गेली. तीच झुकलेली नजर, तीच लयदार बोटं. आपला पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्व, तिकडे त्याला कान्नोन म्हणतात. ही कला तलवारीच्या जोरावर तिकडे गेली नाही. भिक्षू, व्यापारी, चितारी यांच्या सोबतीने मध्य आशिया आणि चीन ओलांडत, वाटेत प्रत्येक देशाचं काही अंगाला लावून घेत ती पोचली. अराई कांपो हे जपानी चित्रकार 1916 साली रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून भारतात आले आणि अजिंठ्याला बसून त्यांनी चित्रांच्या नकला केल्या. पुढे 1940 पासून होर्युजीच्या भिंतींच्या नकला करणाऱ्यांतही ते होते. दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हाताखालून गेली.

ते नकलांचं काम चालू असतानाच, 26 जानेवारी 1949 रोजी, दालनाला आग लागली आणि चित्रं होरपळली. जपानने दुसऱ्याच वर्षी वारसा जपण्याचा कायदा केला. आजही तिथे या तारखेला जागोजागी मंदिरांत आग विझवण्याची कवायत होते.

चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मंग त्या जळलेल्या भिती फेकून देल्या का?" मी म्हटलं, नाही गं, रंग गेलेल्या त्या भिंती त्यांनी अजून जपून ठेवल्यात. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आपला अजिंठा तं अजून हाय ना?"

आई, तिला मी अजिंठा दाखवायचं कबूल केलं आहे. गुरुजी म्हणाले, सगळा वर्गच नेऊ. मुलांनी ती चित्रं पाहताना त्यांना ठाऊक असावं की या रंगांचा राजा इथून तासाभराच्या वाटेवरचा होता, आणि खालची माती घरच्या भिंतीसारखीच आहे. माझ्या वाढदिवसाला पैसे पाठवणार होतीस ना, ते त्या सहलीच्या गाडीभाड्याला दे.

मामीची भिंत आता वाळली आहे. माझ्या बोटांचे वळ तिने मुद्दाम पुसले नाहीत.

तुझी,
लेक