माणुसकीचे गुण कोण कापतो?



गेल्या जूनमध्ये माझा भाचा पुण्याहून वालावलला आला तो एक खेळ घेऊन. नाव ‘सायबरपंक रेड’. पट नाही, सोंगट्या नाहीत. पाच-सहा जणांनी बसून गोष्ट रचायची, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने सूत्रधार व्हायचं आणि अडेल तिथे फाशांनी निकाल द्यायचा. दशावतार बघत वाढलेल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही, तिथेही नट संवाद उभ्या उभ्याच रचतात. बाहेर लावणीचा पाऊस आणि आत समाजमंदिरात चटईवर आम्ही. दहा बाजूंचे फासे कुडाळात मिळेनात, म्हणून ते मोबाइलवरच टाकायचो.

पात्रं तयार करतानाच खटका उडाला. या खेळात प्रत्येक पात्राला ‘ह्युमॅनिटी’, म्हणजे माणुसकीचे गुण असतात. यंत्राचा डोळा किंवा यंत्राचा हात बसवला की ते कापले जातात. कमी होतील तशी सहृदयता घटते, आणि पार संपले की माणूस ‘सायबरसायको’ होतो. मग ते पात्र खेळाडूच्या हातून जाऊन सूत्रधाराकडे येतं. भाचा हे वाचून दाखवत होता. आमच्यातला एक मुलगा गुडघ्याखाली जयपूर फूट लावतो. तो शांतपणे म्हणाला, “म्हणजे माझे किती गेले रे?”

सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाताना मला त्याची लाज वाटली.

खेळ लिहिणाऱ्याची बाजू आधी मांडते. माइक पॉन्डस्मिथ हे कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक, त्यांच्या खेळाची पहिली आवृत्ती 1988 ची. त्यांच्या जगात राज्य कंपन्यांचं आहे आणि माणसाचं शरीर हीच बाजारपेठ. पैशासाठी माणूस स्वतःचंच हत्यार करत गेला तर शेवटी काय उरतं, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय खेळाला लगाम लागतो, नाहीतर ज्याच्या खिशात पैसा तो अंगभर शस्त्रं जडवून घेईल. ‘शॅडोरन’ या 1989 च्या खेळातही असाच लगाम आहे. आणि ‘रेड’मध्ये दुरुस्तीही केली आहे: गमावलेल्या अवयवाच्या जागी निव्वळ उपचार म्हणून साधा अवयव बसवला तर गुण कापत नाहीत. उपचार घेऊन गेलेले गुण काही प्रमाणात परतही मिळतात.

भाच्याने ही सवलत मोठ्या आनंदाने वाचून दाखवली. त्यावर तो मुलगा म्हणाला, “म्हणजे इथेही बोर्डच!”

ज्यांनी अपंगत्वाचा दाखला काढला आहे त्यांना हे लगेच कळेल. 2016 च्या कायद्याने बहुतेक आरक्षणं आणि सवलती 40 टक्क्यांच्या रेषेवर ठेवल्या आहेत. तुमचं दुखणं किती टक्के, हे समोरचे ठरवणार. गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, हेही तेच ठरवणार. साध्या पायाला माफी आणि पळता येईल अशा पायाला दंड, हे कोणत्या न्यायाने?

जयपूर फूटचा इतिहास इथे आठवतो. 1968 च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी हा पाय घडवला. शर्मा डॉक्टर नव्हते, हाताने काम करणारे कारागीर होते. परदेशी पायाला बूट लागायचा, उकिडवं बसता यायचं नाही. या रबरी पायाने अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, चिखलात उतरता येतं. आमच्याकडे चिखलात उतरता येणं म्हणजे लावणीला जाता येणं, आणि लावणीला जाणारा माणूस वाडीत मोजला जातो. माणुसकीचे गुण वाढवणारं यंत्र मी इतक्या जवळून पाहिलं आहे.

हा मुलगा आजारी पडला होता, हे खरं आहे. अपघातानंतर कित्येक महिने तो कुणाशी बोलला नाही. नातेवाइकांनी देवस्की केली, बाधा सांगितली गेली. मी त्याच्याजवळ बसायचे तेव्हा हळूहळू कळलं: उपचारांचं कर्ज, गोव्यातली गेलेली नोकरी, नसलेल्या पायात रात्री उठणारी कळ, आणि घरातल्यांनी त्याच्यासमोरच ‘ह्याचा आता काय’ म्हणणं. छाटलेल्या अवयवात वेदना होणं ही डॉक्टरांना माहीत असलेली, अनेकांना होणारी गोष्ट आहे. त्याला ती कुणी सांगितलीच नव्हती. त्याला वाटायचं, आपलं डोकं फिरलंय. पाय बसला आणि तो बाहेर पडू लागला. क्रम नीट बघा: आजार यंत्राच्या आधी आला होता.

एक अपवाद मान्य करते. पार्किन्सनसाठी मेंदूत बसवलेल्या विद्युत्ताराने काही रुग्णांची मनःस्थिती पालटते, वागणं बदलतं. पण डॉक्टर तेव्हा विजेचं प्रमाण बदलून बघतात, माणूस बाद झाला असं म्हणत नाहीत. खेळात मात्र सायबरसायकोच्या मागे सशस्त्र पथक लागतं. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 100 पोलिसांना उलट कर्तव्य सांगतं: अशा माणसाला संरक्षणात घ्या, 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्या. प्रत्यक्षात काय होतं ते आपण बघतोच, तरी निदान कायद्याची कल्पना पथकवाल्यांपेक्षा पुढची आहे.

शरीराकडे बघून माणुसकी मोजायची सवय आपल्याला नवी नाही. कुणाचा कोणता अवयव कोणत्या अपराधासाठी छाटावा हे वर्णाप्रमाणे लिहिणारा ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला 25 डिसेंबर 1927 ला जाळला गेला. नागसेनाने मिलिंद राजाला रथ दाखवून विचारलं होतं, यातला रथ कोणता, चाक की आस? दोन्ही नाही. मग एक चाक बदललं तर रथपण किती टक्के जातं?

म्हणून आम्ही नियम बदलला. धातूला दंड नाही. कंपनीचा हप्ता थकला की गुण जातील, सोबत्याला टाकून पळालं की जातील, माणसावर शस्त्र चालवलं की जातील. मला वाटलं, प्रश्न मिटला.

त्या मुलाने मान हलवली. “ताई, माझ्या पात्राचं डोकं फिरण्याची शक्यता ठेवा. ते एकदा फिरून परत आलेलं मला खेळायचं आहे.”

यावर दोन रविवार वाद चालला. परतीचे नियम पुस्तकात होते, पण त्याला ते पुरेसे वाटेनात. उपचाराचे पैसे भरले की गुण परत, एवढंच त्यात होतं. तो म्हणाला, रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन बसतं, त्याचे गुण कुठे आहेत? भाचा पुण्याला परत गेला आहे. तो कलम तिथून लिहून पाठवणार होता, अजून आलेलं नाही. तोवर आम्हीच लिहायला घेतलं आहे.