एक ठोका खाणारा माणूस

'टॅटू यू' ही रोलिंग स्टोन्सची १९८१ सालची तबकडी कॅसेटच्या रूपाने आमच्या घरी पोचली ती १९८८मध्ये. रेल्वेत नोकरीला असलेल्या आमच्या मावसभावाने ती नागपुरात, सीताबर्डीवर घेतली होती. गोंदियाच्या घरी, पडवीत रचलेल्या धानाच्या पोत्यांना टेकून आम्ही ती ऐकत असू. घरात कोणालाही त्यातले अक्षर कळत नसे, आणि खरे सांगायचे तर आमच्या आनंदाचा निम्मा भाग तोच होता.

एका संध्याकाळी मोठेबाबा राइस मिलमधून परतले. अंगावर कोंडा, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा. पाय धुता धुता ते थबकले, दोन गाणी उभ्यानेच ऐकली आणि म्हणाले, "हा ढोलकीवाला दर वक्ती एक ठोका खाते गा. काहून?" आम्ही हसलो. जगातल्या सर्वांत मोठ्या रॉक बँडच्या ड्रमवादकाला मिलमधल्या हमालाने चूक दाखवावी, हे आम्हाला त्या वयात विनोदी वाटले. वास्तविक मोठेबाबांनी चूक दाखवली नव्हती, त्यांनी प्रश्न विचारला होता. हा फरक समजायला आम्हाला पंधरा वर्षे लागली.

मोठेबाबा खडी गंमतीत ढोलकी वाजवीत. आमच्या झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगणे भाग आहे की भाऊबीजेपासून इकडे गावोगाव मंडई भरते, आणि मंडईत खडी गंमतीच्या पार्ट्या येतात. ढोलकी, डफ, टाळ, चोनका. पुरुषच लुगडे नेसून नाचणार. शाहीर गण-गौळणीपासून थेट गावच्या सरपंचापर्यंत सर्वांचा समाचार घेणार. सगळा खेळ उभ्याने, म्हणून 'खडी'. वर्षभर दुसऱ्यांच्या बांध्यांत आणि मिलमध्ये राबणाऱ्यांची ही कला. आम्ही महाविद्यालयात वाङ्मय शिकत होतो आणि आम्हाला तिची लाज वाटत असे.

स्टोन्सविषयी मात्र मिळेल ते वाचत होतो. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी डार्टफर्डच्या रेल्वे फलाटावर कीथ रिचर्ड्सला बालपणीचा ओळखीचा मिक जॅगर भेटला, त्याच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या, ही कथा आम्हाला पाठ होती. ब्रायन जोन्सने बँडचे नाव मडी वॉटर्सच्या १९५०च्या गाण्यावरून घेतले आणि १२ जुलै १९६२ला लंडनच्या मार्की क्लबमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, हेही पाठ होते. पण पाठांतर म्हणजे समज नव्हे. हा मडी वॉटर्स कोण, हा प्रश्न आम्ही कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

तो मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या मळ्यावरचा ट्रॅक्टरचालक होता. १९४१च्या ऑगस्टमध्ये ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे दोघे संग्राहक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन स्टोव्हॉल मळ्यावर गेले आणि त्याचे गाणे त्यांनी त्याच्याच खोपटात मुद्रित केले. १९४३मध्ये तो शिकागोला गेला, गिटारीला वीज जोडली, आणि मळ्यावरचे गाणे शहराचे झाले. अठरा वर्षांनी त्याची तबकडी डार्टफर्डच्या एका पोराच्या काखेत होती. मधली एक कडी निखळली असती तर पुढचे काहीच नव्हते.

म्हणून स्टोन्सची कारकीर्द बंडखोरीची म्हणून सांगितली जाते तेव्हा आम्हाला ती अर्धीच वाटते. पहिली दोन-तीन वर्षे ही मुले निव्वळ शागीर्द होती. १९६४च्या जूनमध्ये अमेरिकेत गेल्यावर त्यांनी शिकागोला चेस स्टुडिओ गाठला, कारण गुरूंचा आवाज जिथे उमटला त्याच खोलीत त्यांना वाजवायचे होते. १९६५मध्ये 'शिंडिग' या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्यांना बोलावले, तेव्हा त्यांनी हाउलिन वुल्फलाही बोलवा असा आग्रह धरला. तो धिप्पाड कृष्णवर्णीय गायक गाऊ लागला आणि ही विलायती पोरे त्याच्या पायांशी बसून ऐकत राहिली. आमचा आजवरचा सर्वांत आवडता स्टोन्सचा कार्यक्रम हाच, आणि त्यातल्या त्या गाण्यात स्टोन्स वाजवीत नाहीत.

खात्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९६८च्या 'बेगर्स बँक्वे'वर रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स यांचे गाणे जॅगर-रिचर्ड्स यांच्या नावाने छापले गेले. असे एकच उदाहरण नाही. ब्लूज गाणारे म्हातारे होत होते, आणि त्यांच्या गाण्यावर वाढलेली पोरे विमानांतून फिरत होती. आदर खरा होता, पैसाही खरा होता, आणि दोन्ही एकाच दिशेने वाहत नव्हते. बँडच्या आतही हाच हिशेब होता. इयन स्ट्युअर्ट हा पियानोवादक अगदी आरंभीचा माणूस. १९६३मध्ये व्यवस्थापकाला त्याचा चेहरा शोभेना, म्हणून त्याला मंचावरून उतरवले. तो रागावून गेला नाही. सामानाची गाडी हाकली, पडद्याआडून पियानो वाजवला, १९८५मध्ये मरेपर्यंत. आमच्याकडच्या प्रत्येक पार्टीत असा एक माणूस असतो. पेटारा तोच उचलतो, आणि शाहिराचा सूर ढळला तर सावरतोही तोच.

पुढचे सर्वश्रुत आहे. जोन्सचा १९६९मधला मृत्यू, त्याच वर्षी डिसेंबरात आल्टमाँटच्या मैफिलीत झालेला खून, कर चुकवण्यासाठी फ्रान्समध्ये मुक्काम, तळघरात मुद्रित झालेला १९७२चा 'एक्झाइल', ऐंशीच्या दशकात जॅगर-रिचर्ड्स यांचे भाऊबंदकीला लाजवील असे भांडण, १९८९चे पुनरागमन. त्यानंतरच्या बहुतेक तबकड्या आम्ही निष्ठेने घेतल्या आणि निष्ठेनेच कपाटात ठेवल्या.

७ एप्रिल २००३ रोजी स्टोन्स मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर येणार असे कळले, तेव्हा आम्ही हावडा-मुंबई मेलने साडेनऊशे किलोमीटर गेलो. जॅगर साठीला टेकला होता आणि विशीतल्या पोरासारखा धावत होता. पण आमचे लक्ष राहून राहून मागे जाई. चार्ली वॉट्स ताठ बसलेला, चेहऱ्यावर बँकेतल्या रोखपालाचा निर्विकार भाव. मोठ्या पडद्यावर त्याचे हात दिसले. डावा हात स्नेअरवर पडे त्या क्षणी उजवा हात झांजेवरून उचलला जाई. दर वेळी. तो खरोखरच एक ठोका खात होता, आणि त्या रिकाम्या जागेत स्नेअरचा आवाज एकटा, मोकळा उमटत होता. ते गाणे पुढे रेटले जात नव्हते, किंचित मागे रेलून चालत होते, ते त्यामुळे. पडवीत, स्वस्त टेपरेकॉर्डरवर, पाय धुता धुता मोठेबाबांनी हे दोन गाण्यांत ऐकले होते.

परत येऊन आम्ही त्यांना सांगितले. ते तेव्हा खाटेवरच असत. त्यांना तो प्रश्न आठवतही नव्हता. पण हात कसा उचलतो ते करून दाखवायला लावले, उशाशी बोटांनी ठोका धरून पाहिला, आणि म्हणाले, "जागा देते तो. दुसऱ्याले जागा द्याव लागते." मग त्यांनी कपाटातले बाड काढायला सांगितले. पार्टीतल्या तीन पिढ्यांचे गण, गौळणी, सवाल-जवाब, कोणी शाईने, कोणी पेन्सिलीने लिहिलेले. "तू शिकलेला आहेस, हे साफ अक्षरात लिहून ठेव." आम्ही हो म्हणालो.

आम्ही ते लिहिले नाही. नोकरी होती, संसार होता, आणि दरम्यान स्टोन्सवर बऱ्याच जाड चरित्रांची भर पडत होती, ती वाचायची होती. साकोलीला डॉ. हरिश्चंद्र बोरकर झाडीबोलीवर आणि इथल्या लोककलांवर अनेक वर्षे लिहीत आले. गोंदियाहून साकोली ती किती दूर! त्यांच्याकडे ते बाड नेऊन दाखवावे एवढेही सुचले नाही. २००९च्या पावसाळ्यानंतर कपाट उघडले तेव्हा वाळवीने मधली सगळी पाने खाल्ली होती. मोठेबाबा त्याआधीच गेले होते, एवढाच दिलासा, आणि तो दिलासा म्हणावा की नाही हा प्रश्नच आहे.

२०१५च्या डिसेंबरात स्टोन्स लंडनच्या एका स्टुडिओत नव्या गाण्यांसाठी जमले आणि तीन दिवसांत जुन्या ब्लूजची बारा गाणी मुद्रित करून बसले. २०१६मध्ये ती 'ब्लू अँड लोनसम' नावाने आली. स्वतःचे एकही गाणे नाही. पंचाहत्तरीकडे झुकलेली माणसे पुन्हा शागीर्द झाली होती, आणि जॅगरचा माउथ ऑर्गन आम्ही इतक्या वर्षांत एवढा चांगला ऐकला नव्हता. २४ ऑगस्ट २०२१ला वॉट्स गेला. २०२३मधल्या 'हॅकनी डायमंड्स'वर त्याने आधी वाजवून ठेवलेली दोन गाणी आहेत. पण आम्ही वारंवार लावतो ते त्यातले शेवटचे. ज्या गाण्यावरून नाव घेतले ते मडी वॉटर्सचे गाणे एकसष्ट वर्षांनी प्रथमच त्यांनी आपल्या तबकडीवर घेतले. वाजवणारे दोघेच, जॅगर आणि रिचर्ड्स. ड्रम नाहीत.

ते ऐकल्यावर त्याच रात्री आम्ही एक वही घेऊन बसलो. मोठेबाबांच्या पार्टीचा पहिला गण आठवून लिहू लागलो. चार ओळी आल्या, पाचवी येईना. आता निवृत्त झालेल्या मावसभावाला दूरध्वनी केला. तो लहानपणी आमच्यासोबत मंडईत पुढे बसत असे. त्याने थोडा वेळ मागितला, मग खाकरून चालीवर म्हणून दाखवले. त्यालाही त्याच चार ओळी येत होत्या.