उंबराचे फूल

गेल्या आषाढी एकादशीस आमच्या माजघरात एक लहानसा वाद उपस्थित झाला. थोरली नात महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकते. ती सणापुरती घरी आली होती. पाने मांडली गेली, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वाढली गेली, आणि ही म्हणते कशी, "आजी, शास्त्राप्रमाणे वरीचा दाणा हे फळ. मग भाताचा दाणाही फळच. वरी चालते, तर भात का चालू नये?" आमच्या सौभाग्यवतींनी पळी खाली न ठेवताच उत्तर दिले, "तुझे शास्त्र तुझ्यापाशी. या घरात एकादशीला भात शिजायचा नाही." मंडळी हसली आणि वाद मिटला.

माझ्या मनातून मात्र तो जाईना. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पुढे शास्त्रीबुवांपाशी संस्कृत केले आणि पस्तीस वर्षे तेच मुलांना शिकविले. 'फळ' शब्दाचा अर्थ नातीकडून ऐकावा लागला, याचे कौतुक वाटले, तसा थोडा कमीपणाही वाटला. दुपारी तिला पडवीत बोलावून म्हटले, "आता तू गुरुजी आणि मी विद्यार्थी. सांग."

तिने सांगितले ते असे. आपण फळ ओळखतो जिभेने. शास्त्रज्ञ ओळखतो जन्मावरून. फुलाच्या तळाशी अंडाशय असते. गर्भधारणा झाल्यावर ते वाढून पक्व होते, ते फळ. त्याच्या पोटात असते ते बी. गोडीचा येथे संबंध नाही. या न्यायाने वांगे, भेंडी, मिरची, काकडी ही सारी फळेच. टोमॅटोविषयी तर १८९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत तंटा गेला होता, कारण तेथे परदेशी भाजीवर जकात होती आणि फळांवर नव्हती. न्यायालयाने सांगितले की, वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते फळ खरे. परंतु लोकव्यवहारात ते जेवणाबरोबर खातात, तेव्हा जकातीपुरती ती भाजी. हे ऐकून सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "मी सकाळी दुसरे काय म्हटले?"

पुढे फळांचे तीन मोठे वर्ग. एका फुलातील एकाच अंडाशयापासून एक फळ झाले, तर ते साधे. त्यात काही रसाळ, काही शुष्क. आंब्याची साल, गर आणि कोयीचे कठीण कवच हे तिन्ही फळाच्याच भिंतीचे थर. बी कोयीच्या आत. नारळाची रचनाही तीच, फक्त गराच्या जागी सोडण आणि कोयीच्या जागी करवंटी. द्राक्षात असे कठीण कवच नसते, बिया गरातच असतात. शुष्क फळांपैकी काही वाळली की तडकतात. तुरीची शेंग दोन्ही कडांनी उकलते, रुईचे फळ एकाच कडेने, कापसाचे बोंड अनेक भेगांनी. काही मुळीच उकलत नाहीत. गहू, ज्वारी, भात यांच्या दाण्यात फळाची भिंत बीजाच्या सालीला इतकी चिकटलेली असते की दोन्ही एकच होतात. म्हणून प्रत्येक दाणा हे एक संपूर्ण फळ. आपण पीठ चाळून कोंडा टाकतो, त्यात त्या फळाची साल जाते.

दुसरा वर्ग घोसफळांचा. सीताफळावरचा एकेक डोळा हा एकाच फुलातील निरनिराळ्या स्त्रीकेसरांपैकी एकेक. सारे वाढताना एकत्र आले आणि फळ एक दिसू लागले. तिसरा वर्ग संयुक्त फळांचा. त्यात अनेक फुले मिळून एक फळ होते. फणसाचा एकेक गरा म्हणजे एकेका फुलाचे कर्तृत्व. एकाच घरात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, तसा तो प्रकार. याखेरीज काही फळे आभासी असतात. काजूचे लाल-पिवळे बोंड हा फुगलेला देठ. खरे फळ त्याच्या टोकाला लोंबणारी काजूची बी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर ज्या बिया आपण समजतो, ती तिची खरी फळे.

"हे सारे कोणी ठरविले?" मी विचारले. ती म्हणाली, पुष्कळांनी. परंतु पाया घातला तो योझेफ गेर्टनर नावाच्या जर्मन पंडिताने. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७८८ साली निघाला. हजाराहून अधिक वनस्पतींची फळे व बीजे त्याने तपासून वर्णिली. आणि मग ती सहज बोलून गेली, "आजोबा, त्याची रीत एकच. बाहेरून पाहून सांगायचे नाही. कापून पाहायचे."

या वाक्यापाशी मी थबकलो. सुमारे तीस वर्षांपूर्वीचा एक वर्ग माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

आठवीच्या मुलांना मी अमरकोशातील वनौषधिवर्ग समजावून देत होतो. फुलाशिवाय ज्यास फळ येते तो वनस्पती. फुलानंतर ज्यास फळ येते तो वानस्पत्य. पहिल्याचे उदाहरण म्हणून मी उंबर सांगितला. तेव्हा मागच्या बाकावरचा, मळ्यातून चालत येणारा एक अबोल मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, उंबराला फूल असतं. आत असतं. मी चाकूनं कापून बघितलंय." मी हसून म्हणालो, "वा! उंबराचे फूल पाहिलेले हे पहिलेच महापुरुष." सारा वर्ग खदखदला. पुढे चाचणीत त्याने व्याख्या बिनचूक लिहिली, आणि खाली पुन्हा, 'परंतु उंबराला फूल असते, ते आत असते.' मी त्याचे दोन गुण कापले. त्यानंतर माझ्या तासाला त्या मुलाने कधी हात वर केला नाही.

नातीला हे काही न सांगता मी उठलो. दत्ताच्या देवळापुढच्या औदुंबराच्या खोडावर हाताशी लागेल असे एक कोवळे उंबर होते. देवाला नमस्कार करून ते आणले. नातीने ते पात्याने उभे चिरले आणि माझ्या हाती भिंग दिले. पोकळ कुपीसारख्या त्या गोळ्याच्या आतल्या भिंतीवर फुलेच फुले होती. तांदळाच्या कणीहूनही लहान, शेकडो, एकमेकांना खेटून उभी. शेंड्याशी खवल्यांनी झाकलेले एक सूक्ष्म द्वार. त्यातून बारीक कीटक आत शिरतात आणि पराग पोचवितात. त्यांचीच पिल्ले तेथे वाढून पुढे बाहेर पडतात.

आपल्या भाषेत दोन म्हणी शेजारी शेजारी नांदतात. दुर्मिळ वस्तूला आपण उंबराचे फूल म्हणतो, आणि उंबर फोडून केंबरे काढू नयेत, असेही बजावतो. पहिलीचे उत्तर दुसरीत होते. फोडून नीट पाहावे, एवढेच राहिले होते. संस्कृत कोशांत उंबराच्याच कुळातील पिंपळाचे एक नाव गुह्यपुष्प असे आहे. म्हणजे फूल लपलेले असते, हे प्राचीनांपैकी कोणास तरी ठाऊक होते. मी मुलांस वर्षानुवर्षे ते नाव पाठ करविले. त्याचा अर्थ मला कळला नव्हता, आणि ज्याला कळला होता त्याला मी हसलो.

तो मुलगा आज कोठे आहे, हे मला माहीत नाही. त्या उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या. कापलेले गुण परत देण्याची सोय राहिली नाही. आमचे मासिक पुष्कळ घरांत जाते, कदाचित त्याच्याही घरी जात असेल. म्हणून येथे लिहून ठेवतो की, त्याचे उत्तर बरोबर होते.