मुरूड ते मुरूड

"आपा, मुरूडला काय आहे बघायला? तिथं तर माझी नणंद राहते," पालकसभेत एका आईनं विचारलं आणि सगळ्याजणी हसल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या नांदेड-लातूरकडे मुरूड म्हटलं की लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरूड. माझं माहेरही तेच. मी म्हणतेय ते मुरूड रायगड जिल्ह्यातलं, जंजिरा किल्ल्याजवळचं, समुद्राकाठचं, असं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. दोन आयांनी तिथंच आपल्या मुलींची नावं यादीतून काढून घेतली.

मी त्यांना दोष देत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले होते. त्यात मुलीही होत्या. ती बातमी आमच्या मोहल्ल्यात घरोघरी पाहिली गेली होती, कारण टीव्हीवर वाचली जाणारी नावं आमच्याच घरातली वाटत होती. तीन वर्षं झाली तरी 'समुंदर' म्हटलं की आयांच्या डोळ्यांपुढं तेच येई.

मग मी हट्ट का धरला? त्याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते. दहा वर्षं मी उर्दू शाळेत भूगोल शिकवत होते आणि मी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. नांदेडपासून तो सरळ रेषेतही साडेचारशे किलोमीटरांहून लांब. दरवर्षी फळ्यावर निळ्या खडूनं पाणी काढायचं, तपकिरी खडूनं जमीन काढायची आणि बाण दाखवायचे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते, ती नसीम-ए-बहरी. रात्री जमीन लवकर थंड होते आणि उलटं घडतं, ती नसीम-ए-बर्री. एका वर्षी मी हे बाण उलटे काढले. मुलींनी तसेच उतरवून घेतले, परीक्षेत तसेच काढले आणि मी तपासताना बरोबरच्या खुणा करत गेले. पंधरा-वीस पेपर झाल्यावर लक्षात आलं. एकाही मुलीनं विचारलं नव्हतं. कुठल्या आधारावर विचारणार? बी.एड.ला शैक्षणिक साधनांवर मला चांगले गुण होते, हे आठवून त्या रात्री झोप लागली नाही.

शेवटी मी लेखी हमी दिली, एकही मुलगी घोट्याच्या वर पाण्यात जाणार नाही. एक आई म्हणाली, "घोटा भी नहीं आपा. मेरी बच्ची रेतीपरच खडी रहेगी." मी तेही लिहून दिलं.

जानेवारी 2019 मध्ये सवलतीची एस.टी. करून आम्ही निघालो. मध्यरात्री गाडी माझ्या मुरूडवरून गेली. अम्मीचं घर रस्त्यापासून पाच मिनिटांवर, पण सगळ्या मुली झोपल्या होत्या, मी कुणाला उठवलं नाही. पुढचा दिवस पुण्यात आणि घाटात गेला आणि रात्री दुसऱ्या मुरूडला मुक्काम पडला.

फजरनंतर किनाऱ्यावर गेलो. पाणी शांत, माड शांत. मी वाळूत काठीनं एक रेघ ओढली आणि रेघेच्या अलीकडे मुलींना ओळीनं उभं केलं. वारा होता, पण अगदी हलका, पाठीवर लागणारा. दुपट्ट्यांची टोकं समुद्राकडे हलत होती. "ये कौनसी हवा?" मी विचारलं. कुणी बोलेना. वहीतला धडा आणि पाठीवरचा वारा यांची गाठ एकदम पडत नाही.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. नाखवा मुसलमानच होता आणि मुलाशी कोकणी मराठीत बोलत होता. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. घरात मराठी बोलणारे मुसलमान त्यांनी पाहिलेच नव्हते. मी त्याला वाऱ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आता मतलई आहे. दुपारी फिरेल. फिरला की होडी दरवाजाला लावणं जड जातं." त्याच्याकडे हा शब्द होडीतल्या दोरासारखा रोजच्या वापरातला होता.

जंजिरा हे नाव मुलींना समजावून सांगावं लागलं नाही. अरबीतला जज़ीरा, म्हणजे बेट, हा त्यांच्या भूगोलातलाच शब्द. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींची ही राजधानी 1948 पर्यंत संस्थान म्हणून टिकली, कलालबांगडी तोफ, समोरचा शिवाजी महाराजांचा पद्मदुर्ग, हे सगळं मी सांगितलं. पण मुली सर्वांत जास्त वेळ थांबल्या त्या आतल्या तळ्यापाशी. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे गोडं. मीही थांबले. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात अम्मी टँकर आला की फोन मध्येच ठेवून पळायची.

जोहरनंतर पुन्हा किनाऱ्यावर आलो. सकाळचा किनारा हाच का, असा प्रश्न पडावा. लाटा रांगेनं येऊन फुटत होत्या, बारीक वाळू पोटऱ्यांना टोचत होती, डब्याची झाकणं उडत होती. मुली दुपट्टे सावरता सावरता बेजार झाल्या. एवढ्यात ओळीतून एकीचा आवाज आला, "आपा, हवा तो उलटी हो गई!"

खरंच, चाळीस दुपट्टे जमिनीकडे उडत होते. मग मला काही शिकवावं लागलं नाही. एक म्हणाली, रेती बघा किती तापली. दुसरी पाण्यात बोट घालून आली नि म्हणाली, पाणी अजून गारच आहे. तिसरीनं बाण हवेतच काढून दाखवला. घोट्यापर्यंत, पाच-पाच जणींना, मी हात धरून पाण्यात नेलं. मीही पहिल्यांदाच जात होते हे त्यांना सांगितलं नाही.

वाळूवर उभं राहण्याची हमी दिलेली मुलगी रेघेच्या मागेच होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तीच माझ्याजवळ आली. चष्म्यावर बारीक थेंबांची जाळी धरली होती. ओठांवरून जीभ फिरवून ती म्हणाली, "आपा, मैं तो पानी में गई नहीं. फिर भी खारा लग रहा."

उर्दूत नसीम म्हणजे मंद, सुखद झुळूक. शायरीत ती कळ्या उमलवते. मुरूडच्या त्या दुपारी जे अंगावर येत होतं त्याला नसीम म्हणणं कठीण होतं. मराठी पुस्तकात त्याला खारे वारे म्हणतात. हा शब्द मला कायम ओबडधोबड वाटत आला होता, स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करण्यापुरता. त्या मुलीच्या ओठांवर मला तो कळला. मी तिला तो सांगितला. तिनं दोनदा म्हणून पाहिला. 'ळ' आणि 'ण' तिला जमत नाहीत, पण या शब्दात ती अडचण नव्हती.

सोमवारी वर्गात मी खडू घेऊन फळ्याकडे वळले. निळं पाणी, तपकिरी जमीन. बाणाला सुरुवात करणार तोच मागून आवाज आला, "आपा, पहले दुपट्टा बनाओ." सगळा वर्ग हसला. मी किनाऱ्यावर एक मुलगी काढली, तिचा दुपट्टा जमिनीकडे उडवला. तिसऱ्या बाकावर, नावं काढून घेतलेल्या त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी चित्र फळ्यावरून जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.