मेणाचं घर

बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे अवयव विकायला असतात. गुडघा धरला असेल तर पाय, नजर अधू झाली असेल तर डोळे, पाळणा हलत नसेल तर बाळ. आणि मुंबईत ज्याची सगळ्यांनाच नड, ते घरही. बोटभर दार, दोन खिडक्या, उतरतं छप्पर. अलीकडे विमानं आणि पासपोर्टही दिसतात, म्हणजे नवससुद्धा काळाबरोबर चालतात. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी ही जत्रा सुरू होते, आठवडाभर चालते, आणि गणपतीच्या आगेमागे येत असल्यामुळे उपनगरातल्या मराठी घरांना ती परकी वाटत नाही.

आईने असं एक घर घेतलं तेव्हा आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहत होतो. चाळीतली एक खोली, मोरी आतच, संडास बाहेर. आईने माउंट मेरीला मेणाचं घर वाहिलं, सिद्धिविनायकाला एकवीस मोदक बोलली आणि विरारला जीवदानीची ओटी. पुढे बोरिवलीला वझिरा नाक्याजवळ जागा झाली. ती कोणाच्या कृपेने झाली याची चौकशी करत बसण्याचा आईचा स्वभाव नव्हता. तिने तिघांचंही देणं चुकतं केलं आणि चाळीला पेढे वाटले.

ते मेणाचं घर माझ्या डोक्यातून मात्र कधी गेलं नाही. ज्या वेदीपुढे आईने ते ठेवलं, त्या वेदीमागच्या चर्चने एके काळी अगदी स्पष्ट लिहून ठेवलं होतं : फ्लॉरेन्सची धर्मपरिषद, 1442. चर्चच्या बाहेर राहिलेले मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी मरेपर्यंत आत आले नाहीत, तर त्यांच्या वाट्याला कायमचा अग्नी. मेणाचं घर घेऊन आलेल्या बाईला आगीची भाषा म्हणजे अंमळ जास्तच झालं.

मी ही भाषा प्रथम ऐकली ती अंधेरीला कॉलेजात असताना, आणि तीही कॅथलिकांकडून नव्हे. वर्गातली एक मैत्रीण एका छोट्या प्रार्थना-मंडळात जायची. कोणाच्या तरी हॉलमध्ये खुर्च्या मांडून गिटारवर गाणी, मग साक्षी, मग प्रार्थना. एकदा स्टेशनच्या पुलावर, ऐन गर्दीत, तिने माझा हात धरला आणि विचारलं, ‘‘तुझं तारण झालंय का गं?’’ मला आधी दागिने गहाण ठेवण्याचं तारण आठवलं. मग तिने समजावून सांगितलं. येशूला स्वीकारलं नाहीस तर आपण दोघी कायमच्या वेगळ्या होऊ. बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून लोक ढकलत होते, एकजण ‘‘ताई, बाजूला होऊन रडा’’ म्हणाला.

तिला मी दोष देत नाही. माझी खरोखरच अशी अवस्था होणार असं तिला वाटत असेल, तर गप्प बसणं हाच निर्दयपणा झाला असता. मला पचलं नाही ते वेगळंच. ती माझ्यासाठी रडत होती आणि ज्याच्याबद्दल सांगत होती तो मात्र, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, एक रकाना रिकामा दिसला म्हणून मला बाहेर ठेवणार होता. म्हणजे तिचा देव तिच्याहून कठोर निघाला. एकोणीस वर्षांच्या पोरीला जी माया सुटते ती तिच्या कर्त्याला सुटू नये, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

तिनेच दिलेलं ‘पवित्र शास्त्र’ मी पुढे पुष्कळदा वाचलं. अट त्यात नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मार्काच्या शेवटी ती आहे : विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेईल तो तरेल, न ठेवील तो दोषी ठरेल. (मार्काच्या सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत तो शेवटचा भागच नाही, हे अभ्यासक सांगतात. पण योहानातही तशी वचनं आहेत, तेव्हा एवढ्यावर सुटका नाही.) दुसरीकडे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटचा न्याय आहे आणि तिथे कोणालाच श्रद्धेबद्दल विचारत नाहीत. भुकेल्याला जेवू घातलंस का, उघड्याला पांघरूण दिलंस का, तुरुंगात कोणाला भेटायला गेलास का. ज्यांची सरशी होते त्यांनाच आश्चर्य वाटतं, की आम्ही हे तुझ्यासाठी कधी केलं बुवा? आणि लूकच्या पंधराव्यात तो उधळ्या मुलगा. बापाला काय सांगायचं ते त्याने वाटेत घोकून ठेवलेलं असतं. बाप ते पुरतं ऐकूनही घेत नाही. मुलगा लांब असतानाच धावत जाऊन मिठी मारतो.

आपल्याकडे हे बिनशर्त काम झालंय, असं म्हणून हात झटकायला मी मोकळी नाही. भागवतातला अजामेळ मला लहानपणी कीर्तनात भेटला. आयुष्यभर पापं केली, मरताना धाकट्या मुलाला ‘नारायणा’ म्हणून हाक मारली, आणि तेवढ्यावर विष्णुदूत धावले. श्रद्धा सोडा, हेतूसुद्धा नव्हता. देवाची माया याहून सैल कुठे असेल? पण हीच कथा रंगवणाऱ्या समाजाने चोखोबांना पंढरपुरात देवळाच्या आत घेतलं नाही. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, पायरीशी. आमची अट श्रद्धेची नव्हती, जन्माची होती. श्रद्धेची अट माणूस मनावर घेऊन पुरी तरी करू शकतो. जन्माची कशी करणार? एकोणिसाव्या शतकात नगरकडच्या गावांमधून महार-मांग कुटुंबं मिशनकडे गेली, ती कोणी नरकाची भीती घातली एवढ्यावर गेली असतील असं मला वाटत नाही. ‘विश्वास ठेव आणि आत ये’ या वाक्यातला उत्तरार्ध त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असणार.

म्हणून ‘सगळे देव एकच’ हे आपलं घाईचं वाक्य मला हल्ली बोलवत नाही. ज्यांनी त्या विश्वासाची किंमत मोजली त्यांच्यापुढे ते फार स्वस्त वाटतं. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून वाद घालायला सुरुवात केली. ख्रिस्त मान्य, पण त्याच्याबद्दल कोणी सांगेल ते सगळं मुकाट मान्य, असं नाही. त्यांचे आईवडील 1874 च्या सुमाराला तीर्थयात्रा करता करता उपासमारीने गेले. वडिलांनी सगळा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आईने मुलीला पुराणं शिकवली. त्या दोघांना ख्रिस्ताचं नावही नीट कळलं नसेल. फ्लॉरेन्सच्या हिशेबाने त्यांचं काय? रमाबाईंचं चरित्र वाचताना हा प्रश्न माझ्याच मनात उभा राहतो, आणि त्या सर्वज्ञ परिषदेची मला लाज वाटते.

टिळकांचं तर घरातच होतं. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं हिंदूच राहिल्या, पुढे एकत्र नांदायला आल्या तरी सोवळं सांभाळून. मग एक दिवस त्यांचं जातीचं भूत आपोआप उतरलं आणि ते कसं उतरलं हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मिश्किलपणे सांगितलंय. ज्या वर्षांत एक चर्चच्या आत आणि एक बाहेर होतं, त्या वर्षांचं काय, हे टिळकांनी कोणत्या परिषदेला विचारलं नाही. पण 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले येशूचे शिष्य होते, आणि न घेतलेलेही. पुढे दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही. तरी मुंबई इलाख्यातल्या एका मराठी कवीने ती चौकट रोमच्या जवळजवळ अर्धशतक आधी ओलांडली होती, याचा मला अभिमान वाटतो.

माझं लग्न मरोळच्या एका ईस्ट इंडियन मुलाशी झालं. ही माणसं आपल्याहून जुनी मुंबईकर. पूर्वज सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या अमलात ख्रिस्ती झाले, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव 1887 मध्ये राणीच्या ज्युबिलीच्या निमित्ताने घेतलं, आणि घरात बोलणं अजून मराठीच. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणलं, तेव्हा माझी मावशी म्हणाली, ‘‘अगं, हे तर आपलंच.’’ चर्चचं मात्र आपलं नव्हतं. बाप्तिस्मा न झालेल्या मुलीशी लग्न म्हणून बिशपकडून परवानगी, आणि मुलांना ख्रिस्ती म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन, असं नवऱ्याकडून वचन. मला फक्त त्या वचनाची कल्पना देण्यात आली. माझ्याकडून काही लिहून मागितलं नाही.

ऑफिसात फादर समोर होते आणि टेबलावर स्टीलच्या पेल्यात चहा. मी विचारलंच, ‘‘फादर, माझ्या आईचं काय होणार? आणि माझं?’’ ते हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं सांगितलं. 21 नोव्हेंबर 1964 च्या दस्तऐवजात म्हटलंय, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. सांताक्रूझच्या रस्त्यावर तेव्हा माझे सासरे वडिलांच्या खांद्यावर बसलेले. त्या भेटीत, 3 डिसेंबरला, इतर धर्मीयांसमोर बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली, असत्याकडून सत्याकडे नेण्याची. फादर हे सांगताना खुलले होते.

‘‘म्हणजे आई सुटली,’’ मी म्हटलं, ‘‘पण मी अडकले. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मला तर सगळं ठाऊक आहे. चारही शुभवर्तमानं वाचलीयत. मी अजाण नाही, फादर.’’

त्यांनी चहाचा घोट घेतला. ‘‘हे ठरवायचं काम देवाने माझ्याकडे दिलं नाही,’’ ते म्हणाले, ‘‘त्याबद्दल मी त्याचे रोज आभार मानतो.’’ मग सहीची जागा दाखवली.

उत्तर म्हणून ते अपुरंच होतं. पण पुलावरच्या मैत्रिणीकडे जी खात्री होती ती त्यांच्याकडे नव्हती आणि त्यामुळे मला ते जास्त श्रद्धावान वाटले. अजाणांना सूट देणारी ती ओळ दयाळू आहे, पण तिच्यात एक पेच आहेच. दयाच करायची, तर माणसाला ख्रिस्ताबद्दल सांगूच नये. सांगितलं की त्याची सूट गेली!

आई गेली तेव्हा बोरिवलीच्याच स्मशानात दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना. भाऊ ‘‘बाबांना मी बघेन’’ म्हणाला, ‘‘धाकटीचं शिक्षण करीन’’ म्हणाला. कावळे कुंपणावर बसून ऐकत होते. भटजींनी घड्याळ पाहिलं. शेवटी भाऊ म्हणाला, ‘‘आई, बोरिवलीचं घर विकणार नाही.’’ आणि एक कावळा उतरला. (पुढे बिल्डिंगच रिडेव्हलपमेंटला गेली, तो भाग वेगळा.) मी मागे उभी होते. मुलगी, आणि त्यातून ख्रिस्त्याच्या घरात दिलेली. तिच्या गतीत माझा हात चालणार नव्हता.

नवऱ्याची आत्या, आम्ही सगळे तिला आंटीच म्हणतो, त्याच आठवड्यात चर्चच्या ऑफिसात गेली आणि आईच्या नावाने मिस्सा लावून आली. मी चकित. ‘‘चालतं?’’ तर आंटी म्हणाली, ‘‘चालतं म्हणजे? पावती दिलीय.’’ रविवारी मिस्सेच्या आधी ज्यांच्यासाठी प्रार्थना आहे त्यांची नावं वाचली. फर्नांडिस, परेरा, मिस्किटा, आणि मध्येच ‘कर’ने संपणारं आमचं कोकणातलं आडनाव. वाचणाऱ्या मुलाने ते पार मोडतोड करून वाचलं. बाकावरच्या कोणी मान वळवून पाहिलं नाही.

पण आंटीला सैल समजू नका. ती फ्लॉरेन्सची आहे. माझा बाप्तिस्मा व्हावा म्हणून ती रोज एक जपमाळ ओढते आणि ते मला तोंडावर सांगते. बाप्तिस्म्याशिवाय स्वर्ग नाही हे तिला लहानपणी तोंडपाठ झालंय, आणि आईसाठी मिस्सा लावणं हेही तिला तितकंच सरळ वाटतं. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात भांडत नाहीत. मी एकदा तसं म्हटलं, तर सुके बोंबील निवडता निवडता म्हणाली, नियम चर्चचा आहे, आई तुझी आहे.

मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. मुलीचा झाला, तेव्हा मोठ्या पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली तिची छोटी मेणबत्ती मीच धरली होती. चर्चमध्ये मी आवडीने जाते. घ्यावासा वाटला तर घेईनही, पण बाहेर राहिले तर काय होईल या धाकाने घेतलेल्या बाप्तिस्म्यात प्रेमाचा अंश किती उरेल? लूकच्या त्या गोष्टीत थोरला मुलगा रुसून बाहेर अंगणात उभा राहतो. तो आत गेला की नाही, हे गोष्ट सांगतच नाही. बाप त्याची समजूत घालायला बाहेर आला, एवढंच सांगते. धाकट्याबद्दलची प्रवचनं मी भरपूर ऐकली. माझा जीव मात्र या थोरल्यापाशी अडकतो, कारण बापाने त्याला दारातून हाका मारल्या नाहीत, पाय झिजवले.

आता आमच्या घरात वाद आहे तो वेगळाच. मुंबईच्या चर्चच्या स्मशानात जागा नाही. कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. नवऱ्याचं म्हणणं, कॅथलिकांना 1963 पासून दहनाचीही मोकळीक आहे, तेव्हा दोघं विद्युतदाहिनीतच जाऊ. रोमचा 2016 चा आदेश मात्र असा, की राख विखरायची नाही, पवित्र जागी ठेवायची. म्हणजे त्याची कोनाड्यात. माझी नाशिकला गोदावरीत, असं भावाने गृहीत धरलंय. नवऱ्याला हे मान्य नाही. एका कोनाड्यात दोघांची सोय होते का, हे चर्चच्या ऑफिसात विचारून ये म्हणून त्याने आंटीला सांगितलंय. आंटी म्हणते, विचारायचं कशाला, विचारलं की ते नाही म्हणतात.