कुट्टीचं तोंड कुणीकडं?

मंगळवेढ्याच्या ज्वारीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. इथल्या काळ्या, खोल जमिनीत रब्बीला मालदांडी पिकते. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण दोस्तांनो, ज्वारीचं कौतुक करताना सगळे कडब्याला विसरतात! आमच्या म्हशी मात्र त्याच्यावरच जगतात.

अख्खी पेंढी टाकली, तर म्हशी पाला तेवढा निवडून खातात आणि ताटं तुडवतात. म्हणून कुट्टी करायची. आमचं मशीन विजेवर चालतं. एका बाजूनं कडबा घातला की दातेरी रूळ तो आत ओढतात, जड चाकावरची पाती तुकडे करतात आणि पुढच्या पत्र्याच्या तोंडातून कुट्टी भुर्रकन बाहेर पडते. बोल्ट ढिले करून हे तोंड वळवता येतं.

ते काम तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं. आधी चिमूटभर भुसा उडवून ते वारा बघतात. वारा जाईल तिकडंच तोंड करायचं, नाहीतर सगळी कूस डोळ्यांत. रस्त्याकडं किंवा गोठ्याच्या दाराकडं तर कधीच नाही. पेंढीत खडा किंवा तारेचा तुकडा असला, तर तोही त्याच वाटेनं सणसणत येतो.

वाळल्या कडब्यात फारसं अडत नाही. ओल्या कडवळात मात्र तोंडाशी लगदा बसतो, कुट्टी येईनाशी होते आणि माणसाचा हात आपोआप तिकडं जातो. शेजारच्या एका काकांची दोन बोटं अशीच गेली. बटण बंद केलं होतं त्यांनी! पण बटण बंद झालं तरी जड चाक काही वेळ फिरतच राहतं, आणि पत्र्याआड ते दिसत नाही.

मळणी यंत्रांनी तर किती हात नेले. म्हणून १९८३ साली केंद्र सरकारनं धोकादायक यंत्रांचा कायदा केला. मळणी यंत्रात पीक घालायची पन्हाळ निदान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर झाकलेली हवी, असं मानक आहे. कारण साधं आहे, हात आतल्या दात्यांपर्यंत पोचूच नये!

सगळ्यांत फसवी म्हणजे लाईट. ती जाते, मशीन थांबतं, पण बटण चालूच राहतं. साध्या बटणावरचं मशीन लाईट आली की आपलं आपण सुरू होतं. त्या वेळी कुणाचा हात आत असला तर? म्हणून तात्या आधी प्लग काढतात आणि वायरचं टोक डोळ्यांसमोर खुंटीला टांगतात. चाक पुरतं थांबलं की काठीनं लगदा पाडतात. मग बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण मशीनच्या हादऱ्यानं ते सैल होतात.

यंदा मी नववीत गेलो, तेव्हा पाना माझ्या हातात आला. बोल्ट आवळून मी प्लगकडं निघालो, तर तात्या म्हणाले, "थांब. तोंडासमोर कोण हाय बग की."

बघतो तर आमचं रेडकू! दावं तोडून कुट्टीची वाट बघत उभं.